सत्तर रात्री आणि एक पोपट

वेताळ पंचविशी आणि सिंहासन बत्तीशी मराठी घरांत मुलांच्या हाती राजरोस दिल्या जातात. त्यांचंच सख्खं भावंड असलेली शुकसप्तती मात्र कपाटाच्या वरच्या खणात गेली. जुन्या मराठीत ती ‘शुकबहात्तरी’ म्हणून उतरली होती, तरीही. कारण उघड आहे. तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी चोरून भेटणाऱ्या प्रेमिकांच्या आहेत. प्रौढ वाचकानं आज ती मुद्दाम खाली काढावी. शृंगाराच्या गोष्टी एका धाग्यात ओवल्या की सुटेपणी न मिळणारी कोणती रंगत येते, ते इथे फार सुरेख कळतं.

धागा असा. हरदत्त नावाच्या व्यापाऱ्याचा मुलगा मदन बायकोच्या प्रेमात इतका बुडालेला, की त्याला ना व्यापार सुचतो ना आईबाप. वडिलांचा स्नेही त्रिविक्रम घरात एक पोपट आणि एक मैना आणून ठेवतो. पोपटाचे बोल ऐकून मदन भानावर येतो आणि व्यापारासाठी परमुलखात निघून जातो. मागे राहते त्याची बायको प्रभावती. काही दिवस ती झुरते. मग मैत्रिणी समजावतात, की तारुण्य कुणासाठी थांबत नाही. एका रात्री ती नटूनथटून बाहेर पडायला निघते. मैना तिला खडसावते. प्रभावती तिची मान मुरगळायला धावते आणि मैना उडून जाते.

पोपट हे सगळं पाहत असतो. तो म्हणतो, जा की, अवश्य जा. फक्त अमकीसारखी अडचणीतून सुटायची अक्कल तुझ्याजवळ असली म्हणजे झालं. कोण ही अमकी? प्रभावती विचारते आणि अडकते. गोष्ट ऐन पेचात आली की पोपट थांबतो आणि तिलाच विचारतो, आता त्या बाईनं काय करावं? प्रभावती डोकं खाजवत बसते, रात्र सरत जाते. आज जाणार नसलीस तर सांगतो, अशी पोपटाची अट असते. ती मान्य झाली की उत्तर मिळतं.

या पुस्तकाची सगळी गोडी या अटीत आहे. प्रियकराकडे जाण्याची ओढ आणि पुढे काय झालं हे कळण्याची ओढ, या दोन्ही एकाच मनात झुंजतात आणि रोज दुसरी जिंकते. वाचकही प्रभावतीच्याच शेजारी बसलेला असतो. म्हणून यातल्या ‘चावट’ गोष्टी तेवढ्या वेचून वाचणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. दर रात्रीचा तो शृंगार, उंबरठ्यावरचं अडणं, पोपटाचा प्रश्न हे सगळं वगळलं, तर उरतात ते नुसते किस्से.

पंधराव्या गोष्टीतली श्रियादेवी घ्या. ती प्रियकरासोबत झोपलेली असताना सासरा तिच्या पायातला नूपुर हळूच काढून नेतो. पुरावा हाती आला! तिला जाग येते तशी ती प्रियकराला वाटेला लावते, नवऱ्याला त्याच जागी आणून निजवते आणि थोड्या वेळानं त्याला हलवून सांगते, की मामंजी आत्ताच आपण दोघं झोपलेलो असताना माझा नूपुर घेऊन गेले, हे काय वागणं झालं? सकाळी सासराच खोटा ठरतो. तो हट्टाला पेटतो, तेव्हा ती यक्षाच्या मूर्तीपुढे दिव्य करायला तयार होते. खोटं बोलणारा माणूस त्या मूर्तीच्या पायांमधून पार होत नाही अशी ख्याती. ठरल्याप्रमाणे प्रियकर वेड्याचं सोंग घेऊन वाटेत तिला मिठी मारतो. मग ती शपथ घेते: माझा नवरा आणि हा वेडा सोडून कुणा पुरुषानं मला स्पर्श केला असेल, तर मला जाऊ देऊ नकोस. शब्दाला शब्द खरा. यक्ष काय करणार?

हाच दुहेरी शपथेचा डाव युरोपातल्या ट्रिस्टन आणि इझोल्डच्या कथेतही येतो. सव्विसाव्या गोष्टीतली बाई बाप आणि मुलगा असे दोन्ही प्रियकर एकाच वेळी घरात सापडूनही निभावून नेते. ती युक्ती हितोपदेशात आहे आणि चौदाव्या शतकातल्या बोकाच्चोच्या ‘डेकॅमेरॉन’मध्येही.

या गोष्टींत शरीराची वर्णनं किती थोडी आहेत, हे पाहून नवा वाचक चकित होतो. संक्षिप्त संस्कृत पाठात तर दोघं भेटली एवढं एका वाक्यात उरकतं. खरी लांबण असते ती दारावर थाप पडल्यानंतर. चिंतामणी भट्टाच्या नावावर असलेला दुसरा पाठ अधिक फुलवलेला आहे. पण तिथेही खरा रस प्रसंगावधानाचाच.

सगळ्या गोष्टी एका मापाच्या नाहीत, हेही बरं. पाचव्या रात्री विक्रमादित्याच्या राणीपुढे मासे वाढले जातात. मासे पुरुष आहेत म्हणून ती त्यांना शिवत नाही, आणि ते मोठ्यानं हसतात. का हसले? राजपुरोहिताची मुलगी बालपंडिता उत्तर देण्याऐवजी गोष्टीमागून गोष्ट सांगत राजाला टोलवत राहते. हे कोडं नवव्या रात्रीपर्यंत पुरतं. प्रभावतीला पोपट जसा अडवतो, तशी बालपंडिता राजाला अडवते.

खटकणारी गोष्टही सांगायला हवी. मधूनमधून येणारी सुभाषितं बायकांच्या चंचलपणावर कोरडे ओढतात आणि आज ती वाचवत नाहीत. पण त्याच पानांवर घरातली सर्वांत हुशार व्यक्ती बहुतेकदा बाईच असते आणि नवरे, सासरे, कोतवाल तिच्यापुढे फिके पडतात. कथा आपल्याच उपदेशाला पुरून उरते.

पुस्तक फारसीत गेलं तेव्हा हा तोल बदलला. झियाउद्दीन नख्शबीनं 1330 च्या सुमारास त्याचा ‘तूतीनामा’ केला. रात्री बावन्न झाल्या, काही गोष्टी वगळून दुसरीकडच्या आल्या. पुढे अकबराच्या चित्रशाळेत त्याची सचित्र प्रत तयार झाली. तिचा मोठा भाग आज अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे. फारसीत मैना मारली जाते आणि परतलेला नवरा शेवटी बायकोलाही मारतो. संस्कृतात प्रभावती सगळं सांगते, पोपट तिची बाजू घेतो आणि मदन तिला जवळ करतो. बावन्न रात्री रमवून शेवटी तलवार उपसणं ही त्या गोष्टींशी केलेली दगलबाजी वाटते.

जुनी मराठी संहिता 1897 मध्ये छापली ती जर्मनीत, लाइपझिगला, रिचर्ड श्मिट यांनी जर्मन भाषांतरासह. त्याच वर्षी त्यांचं कामसूत्राचं जर्मन भाषांतरही आलं. 1911 चं वॉर्थम यांचं इंग्रजी पुस्तक निवडक गोष्टींचंच आहे. ए. एन. डी. हक्सर यांचं इंग्रजी भाषांतर मात्र सत्तरही गोष्टी क्रमानं देतं. ते हाती आलं तर एका बैठकीत संपवू नये. रात्री एक गोष्ट घ्यावी, पोपटाच्या प्रश्नापाशी पुस्तक मिटावं, आणि श्रियादेवीच्या जागी आपल्याला काय सुचलं असतं ते आधी ठरवून मगच पान उलटावं.