अपंगांसाठी राखीव जागा (भारत)
शारीरिक वा मानसिक विकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी शासकीय सेवेत राखून ठेवलेली पदे. केंद्र शासनाने १९७७ मध्ये अंध, कर्णबधिर व अस्थिव्यंग व्यक्तींसाठी गट क व ड मधील ३ टक्के जागा राखून ठेवल्या. ही सवलत प्रशासकीय आदेशावर आधारलेली होती. तिला कायद्याचे अधिष्ठान १९९५ च्या अधिनियमाने मिळाले व प्रत्येक वर्गास १ टक्का वाटा ठरला.

आरक्षण केवळ अपंगांस योग्य ठरविलेल्या पदांपुरतेच असल्यामुळे अशा पदांची यादी कोण व कशी करतो, यास टक्केवारीहून अधिक महत्त्व आले. शासकीय विभाग ३ टक्क्यांची गणना या यादीतील पदांवरच करीत. यादी जितकी आखूड, तितक्या राखीव जागा कमी. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही पद्धत अमान्य केली. गणना संवर्गातील एकूण रिक्त पदांवर करावयाची, पदांची योग्यता केवळ नियुक्तीच्या वेळी पाहावयाची, असा निर्णय त्याने दिला. अंध राष्ट्रीय महासंघाने हा लढा दिला होता.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने हे प्रमाण ४ टक्के केले आणि विकलांगतेचे प्रकार ७ वरून २१ केले. आरक्षणासाठी किमान ४० टक्के विकलांगतेचे प्रमाणपत्र लागते. स्वमग्नता, बौद्धिक विकलांगता व मनोविकार यांना बहुविकलांगतेसह मिळून १ टक्का आहे. पात्र उमेदवार न मिळाल्यास जागा पुढील भरतीवर्षात नेली जाते. त्या वर्षीही न मिळाल्यास ती प्रथम अन्य प्रकारच्या दिव्यांगांस द्यावी लागते. खाजगी उद्योगांवर मात्र सक्ती नाही. त्यांच्यासाठी केवळ प्रोत्साहनाची तरतूद आहे.