इरुंगट्टुकोट्टईचा रविवार

८ जानेवारी २०२३, रविवार. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेची दुसरी फेरी चालू होती. सलून स्टॉक कार गटाच्या शर्यतीत के. ई. कुमार यांची गाडी दुसऱ्या स्पर्धकाच्या गाडीला भिडली, ट्रॅक सोडून घसरत गेली, कुंपणावर आदळली आणि टपावर उलटी पडली. लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवण्यात आली. काही मिनिटांत कुमारना बाहेर काढलं, ट्रॅकवरच्या वैद्यकीय केंद्रात तपासलं आणि रुग्णालयात हलवलं. ते वाचले नाहीत. दिवसाच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या आणि चौकशी जाहीर झाली.

कुमार ५९ वर्षांचे होते, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचे आजीव सदस्य. १९५३ साली स्थापन झालेल्या या क्लबने शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर शर्यती भरवल्या आणि १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक उभा केला. देशातले बहुतेक नामांकित ड्रायव्हर इथूनच गेले आहेत.

सलून किंवा टूरिंग कार म्हणजे आपल्या पार्किंगमधल्याच गाडीची शर्यत. मागची सीट, गालिचे, एसी सगळं उपसून काढायचं आणि आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, म्हणजे रोल केज, वेल्ड करायचा. सीटबेल्टच्या जागी खांद्यांवरून आणि मांड्यांमधून येणारे पट्टे, त्यांच्यावर वापराची मुदत छापलेली. फॉर्म्युला गाडीच्या मानाने खर्च आवाक्यातला, म्हणून धंदा सांभाळून शनिवार-रविवारी हौस भागवणारी माणसं या गटात सापडतात. महाराष्ट्राचं नातंही इथेच आहे. २०१० मध्ये फोक्सवॅगनने पोलो कप सुरू केला, तेव्हा चाकणला बनणारी गाडी शर्यतीला उतरली. कोल्हापुरात मोहित्यांच्या कार्टिंग ट्रॅकवर तयार झालेली पोरं चेन्नई-कोइमतूर गाठू लागली.

कुमार गेले तेव्हा मथळ्यांत वय ठळक होतं. या वयात कशाला, असा त्याचा सूर. सातच महिन्यांनी, ५ ऑगस्टला, याच सर्किटवर मोटरसायकल शर्यतीत बंगळुरूचा कोप्परम श्रेयस हरीश पडला आणि गेला. तो १३ वर्षांचा होता. आता प्रश्न उलटा झाला: इतक्या लहान वयात कशाला? ५९ जास्त आणि १३ कमी ठरवून झालं की कुंपण कसं होतं, कडेची मोकळी जागा किती होती, मागून येणाऱ्यांना इशारा केव्हा मिळाला, हे विचारायचं राहून जातं. वयावर बोलणं सोपं असतं. त्याला अभ्यास लागत नाही.

अभ्यास लागतो तेव्हा काय होतं, ते पाहायला १९८१ च्या अमेरिकेत जावं लागतं. ओहायोतल्या मिड-ओहायो ट्रॅकवर पॅट्रिक जॅकमार्ट हा फ्रेंच ड्रायव्हर रेनॉच्या छोट्या टर्बो गाडीची चाचणी घेत असताना बांधाला धडकून मेला. पट्ट्यांनी धड जागच्या जागी रोखलं होतं. हेल्मेटसकट डोकं मात्र पुढे गेलं आणि कवटीचा तळ फुटला. त्याचा मित्र जिम डाउनिंग स्वतः रेसर, आणि डाउनिंगचा मेहुणा रॉबर्ट हबर्ड हा मिशिगन स्टेट विद्यापीठात शरीराच्या यांत्रिकीचा प्राध्यापक. जनरल मोटर्समध्ये त्याने अपघात-चाचणीच्या पुतळ्यांवर काम केलेलं. मेहुण्या-मेहुण्यांत बोलणं झालं आणि हबर्डने खांद्यांवर बसणारी कडक कॉलर आखली. छातीवरचे पट्टे तिच्यावरून जातात आणि दोन छोट्या दोऱ्या तिला हेल्मेटशी जोडतात. धड थांबलं की डोकंही त्याच्याबरोबर थांबतं. हेच हान्स.

पहिला नमुना ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तयार झाला. घेणारे मोजकेच. अवजड आहे, मान वळत नाही, अडकून पडू, अशा तक्रारी. १८ फेब्रुवारी २००१ रोजी अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत नामांकित ड्रायव्हर डेल अर्नहार्ट भिंतीला धडकून गेला, कवटीच्या तळाच्या त्याच जखमेने. त्याच्या अंगावर हान्स नव्हतं. त्याच ऑक्टोबरात ती शर्यत भरवणाऱ्या नॅसकारने डोके-मानेचं संरक्षक साधन सक्तीचं केलं, २००३ पासून फॉर्म्युला वनने हान्स सक्तीचं केलं. जॅकमार्ट जाऊन तोवर वीस वर्षं उलटली होती.

आणि हान्स म्हणजे सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. सप्टेंबर १९९५ मध्ये बर्लिनच्या अवुस ट्रॅकवर कीथ ओडोर दिवसाची पहिली टूरिंग शर्यत जिंकला. दुसरीत त्याची निसान गिरकी घेऊन ट्रॅकवर आडवी थांबली आणि फ्रँक बीलाची ऑडी थेट ड्रायव्हरच्या दारात घुसली. ओडोर त्यात गेला. तिथे कमी पडली ती दाराची बाजू.

ट्रॅकबाहेरचं चित्र आणखी वेगळं. पुण्याजवळ पिरंगुटहून मुठ्यावरून टेमघर-लव्हासाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी याच जातीच्या गाड्या जोरात पळतात. त्यांत ना पिंजरा, ना कॉलर. वळणावर झेंडा घेऊन उभा मार्शल नाही, आणि समोरून एसटी किंवा दुधाचा टेम्पो येतो. त्यांना कुणी 'रेसर' म्हटलं की खऱ्या रेसरला राग येतो, तो रास्तच आहे. रुग्णवाहिका जागेवर नसेल तर ट्रॅकवर सरावही सुरू होत नाही.

पण मग ट्रॅकवाल्यांकडून अपेक्षाही वेगळी हवी. जॅकमार्ट नेमका कशाने मेला हे कळलं म्हणून हबर्डला काम करता आलं. आपल्याकडे शर्यतीत उतरण्याआधी स्पर्धकाने, तो अल्पवयीन असेल तर पालकांनी, हमीपत्रावर सही करायची असते. कोल्हापूरच्या एखाद्या बापापुढे तो कागद ठेवताना इरुंगट्टुकोट्टईच्या दोन्ही अपघातांचे चौकशी अहवालही सोबत जोडलेले असावेत, कुंपणाच्या नकाशासकट.