दाणा आख्खा की भरडलेला?

गाईच्या आंबोणात आख्खा मका घातला की शेणात काही दाणे जसेच्या तसे दिसतात. गाय चावते खरी, पण सगळे दाणे फुटत नाहीत आणि टणक साल कोठीपोटातल्या जिवाणूंना सहज भेदता येत नाही. भरडल्यावर आतला स्टार्च उघडा पडतो आणि पचतो. ज्वारीत तर स्टार्चभोवती प्रथिनांचं घट्ट जाळं असतं, म्हणून तिथे भरडण्याचा फायदा आणखी मोठा.

मग पीठच का करू नये? ओंडक्यापेक्षा भुसा लवकर भडकतो, तसं पीठ कोठीपोटात झपाट्यानं आंबतं. आम्ल साचतं, रवंथ कमी होतं, दुधाची फॅट घसरते. शिवाय बारीक दळायला वीजही जास्त लागते. गिरणीचा खर्च नकोच, असं कुणी म्हणेल. शेळ्या-मेंढ्यांपुरतं ते बरोबर आहे, कारण त्या दाणे नीट चावतात. गाईच्या बाबतीत मात्र न पचलेल्या दाण्याचेही पैसे मोजलेलेच असतात. वाफवून चपटे केलेले दाणे आणखी चांगले पचतात, पण ती यंत्रणा अमेरिकेतल्या हजारो जनावरांच्या गोठ्यांना परवडते. दोन-चार गाईंसाठी माझ्या मते जाडसर भरडाच योग्य, तोही भरपूर वैरणीबरोबर.