पिंजऱ्यातील लढतीचा हिशेब

वऱ्हाडातल्या दंगलीत पैसा सर्वांना दिसतो. कमिटी वर्गणी गोळा करते, एखादा दुकानदार शेवटच्या जोडीचे इनाम बोलतो, आणि जिंकलेला पहेलवान मैदानाला फेरी मारतो तेव्हा प्रेक्षक त्याच्या हातावर नोटा ठेवतात. कोणी दिले आणि कोणाला मिळाले, हे गावभर ठाऊक असते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखविली. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत मुष्टियुद्धाचे रीतसर शिक्षण मिळते. तेव्हा लढतीचा खेळ आपल्याकडे नवा नाही. नवा आहे तो त्यामागचा व्यापार.

आमचे तरुण आता मोबाईलवर मिक्स्ड मार्शल आर्ट्सची लढत पाहतात. ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र, जाळीचा पिंजरा, पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या, साध्या लढतीत तीन, अजिंक्यपदाच्या लढतीत पाच. एका रात्री दहा-बारा जोडी लागतात आणि अजिंक्यपदाची जोड सर्वांत शेवटी. अमेरिकेतील यूएफसी या कंपनीची पहिली रात्र १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर शहरात झाली, विजेत्याला ५० हजार डॉलर मिळाले. २००१ साली ही कंपनी अवघ्या २० लाख डॉलरला विकली गेली. २०१६ साली तिचीच किंमत सुमारे ४ अब्ज डॉलर झाली.

हा पैसा तिकीटखिडकीवरचा नव्हे. ६ ऑक्टोबर २०१८ ची लास वेगासची रात्र घ्या, खबीब नुरमागोमेदोव विरुद्ध कॉनर मॅकग्रेगर. सुमारे २० हजार प्रेक्षकांकडून तिकिटांचे १ कोटी ७२ लाख डॉलर आले. पण घरी टीव्हीवर ती एक लढत पाहण्यासाठी सुमारे २४ लाख ठिकाणी पैसे मोजले गेले, अमेरिकेत दर जवळजवळ ६५ डॉलर. ढोबळ हिशेबाने १५ कोटींहून अधिक, त्यातला मोठा वाटा केबल कंपन्यांचा. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेतील प्रक्षेपणाचे हक्क सात वर्षांसाठी ७.७ अब्ज डॉलरला देण्याचा करार केला. म्हणजे दंगलीचा मालक आता मैदान विकत नाही, पडदा विकतो.

आणि लढणाऱ्याचे काय? त्या रात्रीचे जाहीर मानधन मॅकग्रेगरला ३० लाख, खबीबला २० लाख डॉलर. (प्रक्षेपणातील वाटा वेगळा, तो जाहीर होत नाही.) हे झाले दोन बड्यांचे. नवख्याचा करार वर्षानुवर्षे असा असे: पिंजऱ्यात उतरण्याचे १० हजार, जिंकला तर आणखी १० हजार. यातूनच उस्ताद, मॅनेजर, सराव आणि कर भागवायचा, कारण तो नोकर नसतो, कंत्राटदार असतो. २०१५ पासून त्याने पिंजऱ्यात आपल्या पुरस्कर्त्याचे नाव चड्डीवर लावणेही बंद झाले. कपडे कंपनीने ठरविलेलेच. उत्पन्नाचा पाचवा हिस्साही लढणाऱ्यांना मिळत नाही, अशी तक्रार घेऊन खेळाडू २०१४ साली कोर्टात गेले. तडजोड ३७ कोटी ५० लाख डॉलरवर झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कोर्टाने ती मंजूर केली. दहा वर्षे लागली!

भारतात सुपर फाइट लीगची पहिली रात्र मार्च २०१२ मध्ये मुंबईत झाली, मॅट्रिक्स फाइट नाइट २०१९ साली सुरू झाली. मराठी मुलगा भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये यूएफसीतर्फे शांघायला लढला आणि हरला. दार उघडले आहे, हे खरे. परंतु त्या दारातून आत जाण्यापूर्वी करारपत्र वकिलाकडून वाचून घ्यावे. हरल्यास काय मिळणार, जखमेचा खर्च कोणाचा, दुसऱ्या आयोजकाकडे किती काळ लढता येणार नाही, या तीन ओळी आधी पाहाव्यात. आयुर्विम्याची जुनी पॉलिसी असेल तर अशा खेळातील अपघात तिच्यात धरला आहे का, हेही एजंटाला विचारून लेखी घ्यावे.

आता आपल्या घरचा प्रश्न. समजा, अकोल्यात एखाद्या क्लबने सोळा मुलांकडून प्रत्येकी हजार रुपये घेतले आणि तेच सोळा हजार विजेत्याला दिले. पुष्कळांना यात गैर वाटत नाही. पण दोन्ही बाजूंनी पैसा लावायचा आणि जिंकणाऱ्याने उचलायचा, यालाच किमार म्हणतात. तिऱ्हाइताने, म्हणजे दुकानदाराने किंवा कमिटीने, स्वतःच्या खिशातून दिलेले इनाम ही वेगळी बाब आहे. म्हणून प्रवेश फी घ्यायचीच तर ती मैदान, डॉक्टर आणि पंच यांच्या खर्चाला लावावी, तिचा हिशेब वेगळा ठेवावा, आणि इनामाचा पैसा बाहेरून आणावा. कोणत्या खेळाला असे इनाम चालते याविषयी उलेमांत मतभेद आहेत. आपल्या मुफ्तींना विचारावे. प्रेक्षकांनी आपसांत लावलेल्या पैजेचा तर प्रश्नच नाही. शरीअतीप्रमाणेच १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाही आडवा येतो, आणि मोबाईलवरील पैशाच्या खेळांना २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी केली आहे.

खेळाच्या प्रकाराकडेही डोळेझाक करता येत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रुकाना यांच्याशी कुस्ती केल्याचे हदीसच्या ग्रंथांत आले आहे. लढताना चेहऱ्यावर मारू नये, ही ताकीदही बुखारी व मुस्लिम या दोन्हींत आहे. राबिता आलमे इस्लामीच्या फिकह परिषदेने १९८७ साली मक्केत मुष्टियुद्ध नाजायज ठरविले. इजा पोचविणे ज्यात रास्त मानले जाते त्या कुस्तीलाही तोच हुकूम लावला, निव्वळ व्यायामाच्या कुस्तीला मात्र मोकळीक ठेवली. खबीबने पत्रकार परिषदेत मद्याचा पेला नाकारला याचे आपल्याकडे केवढे कौतुक झाले! पण लढतीच्या रात्री त्याच्या पायाखालच्या चटईवर त्याच मद्याची जाहिरात होती.

एखाद्या फाइट नाइटचे आयोजक आपल्या दुकानाचे नाव बॅनरवर लावू म्हणत वर्गणीला येतील, तेव्हा पावती पुस्तकासोबत इतर पुरस्कर्त्यांची यादीही मागून घ्यावी. आपल्या शेजारी कोणाचे नाव लागणार आहे, ते पाहूनच आकडा लिहावा.