चेहऱ्याला चरबी लावावी का?

अमेरिकेत अलीकडे चेहऱ्याला टॅलो लावायची लाट आली आहे. टॅलो म्हणजे गाईबैलांची वितळवून गाळलेली चरबी. मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी बारीक चिरून मंद आचेवर तासन्‌तास ठेवतात. पाणी उडून जातं, तंतू आक्रसून वेगळे होतात आणि गाळलेलं पिवळसर तेल निवलं की त्याचा पांढरट गोळा होतो.

तो चोळल्यावर त्वचा मऊ पडते, हे खरंच आहे. चरबीचा थर त्वचेतलं पाणी उडू देत नाही. पण 'टॅलो अगदी आपल्या त्वचेच्या तेलासारखाच' हा विक्रेत्यांचा दावा मला मान्य नाही. आपल्या त्वचेच्या तेलात स्क्वालीन, मेणासारखे एस्टर आणि सॅपिएनिक आम्ल भरपूर असतं. टॅलोत ते जवळजवळ नसतंच. उलट त्यात सुमारे ४० टक्के ओलिइक आम्ल असतं, आणि सुटं ओलिइक आम्ल त्वचेचं संरक्षक आवरण सैल करतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. मुरमं येणाऱ्यांनी जपूनच राहावं. एक्झिमा झालेल्या तान्ह्या बाळाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टॅलो अजिबात चोपडू नये.

कोकण-गोव्यात भेगाळलेल्या टाचांना लावतात ते कोकमाच्या बियांचं भिरंडेलही असंच घट्ट. मात्र त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून जास्त, टॅलोत जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणूनच भिरंडेलाचा गोळा इतका कडक असतो की जरा गरम केल्याशिवाय तो भेगांत शिरत नाही.