बिम्मला घरात घ्या

आमच्या मुळशीचा पाऊस म्हणजे मुलं दिवसचे दिवस घरात कोंडलेली! अशा वेळी जी. ए. कुलकर्णींची 'बखर बिम्मची' वाचून दाखवावी. १९७३ साली 'काजळमाया'ला साहित्य अकादमी मिळालेले, नियतीच्या गडद कथा लिहिणारे, धारवाडला इंग्रजी शिकवणारे तेच हे जी.ए., बरं का! चिमुकल्या बिम्मशी पशुपक्षी बोलतात आणि त्याला त्याचं नवल वाटत नाही. नवल आपल्या मोठ्यांनाच!

"अभ्यास सोडून हे काय खूळ?" असं घरात कोणी म्हणेलच. म्हणू द्यावं. माझ्या वर्गातली, वाचताना अडखळणारी एक मुलगी पुढे काय झालं ते कळावं म्हणून आपणहून पान उलटू लागली. पाठ्यपुस्तकाचं तसं कधी झालं नव्हतं.

"आई, हे खरं का गं?" असं मुलांनी विचारलं, तर मात्र लगेच "नाही" म्हणू नका. "तुला काय वाटतं?" म्हणा, नि ऐका.