नेटवर्किंग प्रमाणपत्र परीक्षेसाठी गृह-प्रयोगशाळा : साहित्यखरेदीचे विवेचन

प्रस्तावना :
संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासाबरोबर सिस्को कंपनीच्या सीसीएनए या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी अनेक महाविद्यालयांत आढळतात. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या परीक्षेसाठी घरी स्वतःचे राउटर व स्विच असलेच पाहिजेत, असा एक समज आहे. तो अंशतः खरा आहे. मात्र अभ्यासक्रम न पाहता केलेली खरेदी सामान्य कुटुंबास महाग पडते. आणि याविषयी सल्ला विचारला जातो तो प्राध्यापकांनाच. म्हणून कोणते साहित्य कशासाठी घ्यावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अभ्यासक्रम आणि साहित्य :
२४ फेब्रुवारी २०२० रोजी २००-३०१ हा परीक्षाक्रम लागू झाला. त्या रचनेत नेटवर्कची मूलतत्त्वे २०, नेटवर्क प्रवेश २०, आयपी जोडणी २५, आयपी सेवा १०, सुरक्षा १५ आणि स्वयंचलन १० टक्के असा भार ठरविण्यात आला. यांपैकी स्वयंचलनाच्या अभ्यासास जुने राउटर उपयोगी पडत नाहीत. फ्रेम रिले व पीपीपी हे विषय या क्रमात नसल्याने केवळ त्यांच्यासाठी सिरीयल कार्डे विकत घेण्याचे प्रयोजन उरलेले नाही.

सॉफ्टवेअरने काय साधते ?
सिस्को नेटवर्किंग अकादमीतर्फे मोफत मिळणाऱ्या पॅकेट ट्रेसरमध्ये व्हीलॅन, ओएसपीएफ, प्रवेश-नियंत्रण यादी इत्यादींचा सराव करता येतो. परंतु ते उपकरणाचे अनुकरण आहे. खऱ्या उपकरणातील सर्व आज्ञा त्यात नाहीत. शिवाय कन्सोल केबल जोडणे, सैल जोडणीतील दोष शोधणे, स्विचवरील मोड बटण दाबून विसरलेला पासवर्ड दूर करणे, ही कौशल्ये हाताला प्रत्यक्ष उपकरणावरच येतात. खरेदीचे खरे समर्थन एवढेच आहे.

किमान संच :
वापरलेले दोन कॅटॅलिस्ट २९६० स्विच व एक १८४१ राउटर एवढ्यावर बराच सराव होतो. दोन स्विचमध्ये दोन केबल जोडल्या, की स्पॅनिंग ट्री एक पोर्ट कसा रोखून धरते हे दिसते. राउटरच्या एकाच पोर्टवर उप-इंटरफेस निर्माण करून व्हीलॅनांमधील वाहतूक अभ्यासता येते. ओएसपीएफसाठी मात्र दुसरा राउटर लागतो. तो भाग पॅकेट ट्रेसरवर केल्यास खर्च वाचतो. २५०१ सारखे फार जुने राउटर स्वस्त मिळाले तरी टाळावेत. त्यांत फास्ट इथरनेट पोर्ट नाही व नेहमीची केबल जोडण्यास वेगळा ट्रान्सीव्हर लागतो.

खरेदीपूर्व तपासणी :
१) विक्रेत्यास उपकरण सुरू करावयास सांगून ‘शो व्हर्जन’ या आज्ञेने आयओएसची आवृत्ती व स्मृती पाहावी. सॉफ्टवेअरच्या नावात ‘के९’ नसल्यास एसएसएचचा सराव होत नाही.
२) जुन्या उपकरणाबरोबर सॉफ्टवेअरचा परवाना आपोआप हस्तांतरित होत नाही, नवी आवृत्ती मिळविण्यास सामान्यतः सेवा-करार लागतो. ‘आयओएस नंतर बदलून घेऊ’ या भरवशावर व्यवहार करू नये.
३) नव्या लॅपटॉपला सिरीयल पोर्ट नसतो, म्हणून यूएसबी कन्सोल केबलचा खर्च हिशेबात धरावा.
४) ही उपकरणे कार्यालयासाठी घडविलेली असतात. पंख्याचा आवाज लहान घरात त्रासदायक ठरू शकतो. तो प्रत्यक्ष ऐकूनच निर्णय घ्यावा.

समारोप :
प्रथम सॉफ्टवेअरवर संपूर्ण अभ्यासक्रमाची एक फेरी पूर्ण करावी, अडलेल्या विषयांची यादी करावी आणि त्या यादीपुरतेच साहित्य घ्यावे, हा क्रम हितावह आहे. दोघा-तिघांनी मिळून एक संच घेतल्यास खर्च विभागला जातो आणि एकाने मुद्दाम केलेला बिघाड दुसऱ्याने शोधण्याचा सरावही घडतो. महाविद्यालयाने स्वतःच्या नेटवर्कमधून बाद झालेले स्विच नियमानुसार विद्यार्थ्यांच्या सरावासाठी राखून ठेवले, तर ज्यांना एवढीही खरेदी परवडत नाही अशांची अडचण बऱ्याच अंशी दूर होईल.